फॉरमॅट मारल्यानं विंडोजचं लायसन्स जात नाही. जातं ते दुसरंच

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. तिघे मार्केट यार्डातले अडते, एक बेदाण्याचे व्यापारी, एक शाळेतले सर आणि दोघं माझ्याच घरातले. "कॉम्प्युटर दुरुस्तीला देताय? थांबा!" असं त्याचं डोकं, आणि शेवटी नेहमीप्रमाणं दहा ग्रुपवर पाठवण्याची विनंती. सांगलीत विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे त्या मेसेजातला आरोपी मीच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज दुरुस्त केली किंवा फॉरमॅट मारला की ओरिजिनल लायसन्स कायमचं जातं, आणि दुकानदार ते मुद्दाम घालवून नवं गळ्यात मारतो. म्हणून मशीन देण्याआधी 'की', म्हणजे लायसन्सची पंचवीस अक्षरी चावी, शोधून देणारं सॉफ्टवेअर चालवा आणि ती वहीत उतरवा. दुरुस्ती होईपर्यंत नेट बंद ठेवा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट की ब्लॉक करतं. लायसन्स हार्ड डिस्कमध्ये असतं, ती बदलू देऊ नका. मशीन मेलं तर डिस्क काढून दुसऱ्याला लावा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ऑफिस वगैरेंचे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि नंतर परत टाका. एवढं करूनही लायसन्स गेलंच, तर ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत आयुष्यभराची की मिळते.

पहिलं म्हणणं हवेतून आलेलं नाही, हे आधी कबूल करतो. वीस वर्षांपूर्वी ते बरंचसं खरं होतं. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि ॲक्टिव्हेशन, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून लायसन्स तपासून घेणं, हे प्रकरण घरगुती माणसाच्या मागं लागलं. एक्सपी मशीनमधल्या दहा गोष्टी टिपून ठेवायची. प्रोसेसर, रॅम, नेटवर्क कार्ड, डिस्प्ले कार्ड, सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क आणि त्या डिस्कवरच्या व्हॉल्यूमचा नंबरसुद्धा. आता हा व्हॉल्यूमचा नंबर फॉरमॅट मारला की बदलतो. म्हणजे एकही भाग न बदलता नुसत्या फॉरमॅटनं दहातली एक खूण पुसली जायची. हा सगळा हिशेब सिस्टीम ३२ या फोल्डरमधल्या 'डब्ल्यूपीए डॉट डीबीएल' नावाच्या चिमुकल्या फाइलमध्ये असायचा.

सीडीवरून रिपेअर मारली की पुष्कळदा ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जायचं. (रिपेअरसाठी पहिल्या पडद्यावर 'आर' दाबायचं नाही, पुढं जाऊन दुसऱ्यांदा विचारलं की दाबायचं. पहिल्याच 'आर'ला काळा पडदा यायचा आणि शिकाऊ पोरांचे चेहरे पडायचे.) म्हणून आम्ही दुरुस्तीआधी ती फाइल फ्लॉपीवर काढून घ्यायचो आणि त्याच मशीनवर, त्याच कीनं विंडोज बसवल्यावर सेफ मोडमध्ये जाऊन परत टाकायचो. ते जमलं नाही तर फोन. पडद्यावरचे आकडे गटागटानं वाचून दाखवायचे, समोरून येणारे आकडे लिहून घ्यायचे. एखादा आकडा चुकला की गाडं पुन्हा पहिल्यापासून.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मेसेज लिहिणाऱ्याची माहिती मात्र तिथंच थांबलेली दिसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डिस्क कितीही वेळा पुसा, की बोर्डावर तशीच. २०१५ च्या विंडोज १० पासून त्याच्याही पुढची सोय झाली, डिजिटल लायसन्स. मशीनच्या हार्डवेअरवरून एक ओळख तयार होते आणि 'या मशीनला ही आवृत्ती मंजूर' अशी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यासारखं. तुमच्या कपाटातला उतारा उंदरानं खाल्ला म्हणून जमीन जात नाही, कारण मूळ नोंद सरकारदरबारी आहे. विंडोज पुन्हा बसवली, नेट जोडलं, सर्व्हरनं मशीन ओळखलं की ॲक्टिव्हेट. की विचारलीच, तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढं जायचं.

त्यातही फॉरमॅट हा शेवटचा उपाय. तिथवर जायच्या आधी बरंच काही करता येतं आणि त्यातलं काहीच लायसन्सला हात लावत नाही. खराब झालेल्या सिस्टीम फाइल्स 'एसएफसी' आणि 'डिझम' या कमांड बदलून घेतात. त्यानं भागलं नाही तर विंडोजवरच विंडोज बसवायची. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (विंडोजच्या अख्ख्या सीडीची प्रत) उतरवायची, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप चालवायचा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडायचा. प्रोग्राम, फाइल्स, सेटिंग्ज, ॲक्टिव्हेशन सगळं जागच्या जागी राहतं आणि खालची विंडोज नवी होते. जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असते, म्हणजे मागं फिरायची वाटही उघडी राहते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर रिकव्हरीच्या पानावर 'विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करा' असं बटणच दिलंय, आयएसओचीही गरज नाही.

अटी दोनच. मशीन डेस्कटॉपपर्यंत सुरू झालं पाहिजे, आणि आयएसओची भाषा नि आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळली पाहिजे. भाषा जुळली नाही तर 'ॲप्स ठेवा' हा पर्याय करडा पडून राहतो, त्यावर क्लिकच होत नाही. तो करडा दिसला की सेटअप बंद करायचा. 'चालतंय की' म्हणून पुढं गेलं तर प्रोग्राम गेले. 'रीसेट'च्या बटणाचंही तसंच. 'माझ्या फाइल्स ठेवा' म्हटलं तरी तुम्ही बसवलेले प्रोग्राम निघून जातात, फक्त त्यांची यादी डेस्कटॉपवर उरते. विंडोजचं लायसन्स तिथंही शाबूत.

मग दुकानातून आल्यावर कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं फिकट अक्षरात दिसायला लागतं, ते का? दुकानदारावरचा आरोप मी सगळा झटकणार नाही तो इथं. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. बोर्डावरची की तिचीच. पण कित्येक दुकानांत एकच पेनड्राइव्ह फिरतो, त्यात 'प्रो' असते, आणि येईल त्या मशीनवर तीच चढवली जाते. सर्व्हरवर नोंद होमची आणि बसवलीय प्रो, ॲक्टिव्हेट होणार कशी? मग वरून क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चकवणारं चोरटं सॉफ्टवेअर. वर ज्या सरांचा उल्लेख केला त्यांच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. हजारो रुपयांच्या ओरिजिनल विंडोजवर फुकटची चोरीची विंडोज बसवून मिळाली, वर मजुरी दिली ती वेगळी.

हे ओळखायला माझी गरज नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात ॲक्टिव्हेशन. 'डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट' असं असेल तर ठीक. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेनं' असं असेल आणि तुमची संस्था म्हणजे गणपती पेठेतलं किराणा दुकान असेल, तर तो क्रॅक आहे. मोठ्या कंपन्यांसाठी केलेली ही सोय, तिची मुदत १८० दिवसांची, दर काही दिवसांनी ती नूतनीकरण मागते. क्रॅक तेच नाटक वठवतो, आणि त्याला काम करता यावं म्हणून अँटीव्हायरसला गप्प बसवलेलं असतं.

सरांच्या लॅपटॉपवर मी होम सिंगल लँग्वेज बसवली आणि नेट जोडलं. चहा येईपर्यंत ॲक्टिव्हेट. म्हणजे लायसन्स गेलंच नव्हतं, झाकलं गेलं होतं. मात्र प्रोवरून होमवर येताना प्रोग्राम राखता येत नाहीत, सगळं कोरं करावं लागतं, त्यामुळं त्यांचा एक दिवस गेलाच.

आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपवाल्यांनी हा मेसेज वाचून घाबरायचं कारण नाही. बिलावर विंडोजचा वेगळा आकडा नसेल, तर बहुतेक वेळा त्यांच्याकडं जाण्यासारखं लायसन्स कधी नव्हतंच.

की लिहून ठेवण्याचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण डिजिटल लायसन्सच्या मशीनवर ही सॉफ्टवेअर जी की दाखवतात ती पुष्कळदा सगळ्यांची एकच असते. विंडोज बसताना घालायची ती सार्वजनिक की. प्रोची शेवटची पाच अक्षरं '३ व्ही ६ ६ टी' दिसली तर ती तुमची नव्हे, जगातल्या असंख्य मशीनची आहे. ती वहीत उतरवणं म्हणजे घराच्या चावीऐवजी दारावरची पाटी जपून ठेवणं. त्यापेक्षा ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो मोबाइलवर काढा. आवृत्ती कोणती, ॲक्टिव्हेट कशानं, मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलंय का, तिन्ही गोष्टी त्यात येतात. मशीन परत आलं की तेच पान उघडून ताडून बघा.

दोन अपवाद. विंडोज डब्यात विकत घेतली असेल तर त्यातलं कार्ड जपायचंच. आणि विंडोज ७ च्या काळातलं मशीन असेल, पोटाखाली कीचं स्टिकर असलेलं, तर त्या कीनं विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. ज्यांनी त्याआधी करून घेतलं त्यांची डिजिटल नोंद चालू आहे.

नेट बंद ठेवायचा सल्ला तर उलटाच. सर्व्हरशी बोलल्याशिवाय नोंद जुळणार नाही. नेट बंद म्हणजे कोपऱ्यातली ती 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची फिकट अक्षरं कायम, आणि मग 'बघा, लायसन्स गेलं' म्हणायला मोकळे. चार-पाचशेच्या कीबद्दल एवढंच, की त्या बऱ्याचदा एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या कीमधून फुटलेल्या असतात. त्यांची मोजणी संपली किंवा मायक्रोसॉफ्टच्या नजरेत आली की त्या बंद होतात. आयुष्यभराची, पण कोणाच्या आयुष्यभर ते विचारा.

आता हार्ड डिस्क. लायसन्स डिस्कमध्ये असतं या म्हणण्याचा निकाल सांगलीत कृष्णेनं २०१९ च्या ऑगस्टमध्येच लावलाय. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर पोत्यात घालून आणलेली मशीन मी पाहिलीत, पंख्याच्या पात्यांना गाळ सुकून मातीचा लिंपण दिल्यासारखा. काहींची डिस्क गेली होती पण बोर्ड धुऊन-सुकवून चालू झाला. त्यांना नवी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावायची नव्या जातीची डिस्क) लावली, कोरी विंडोज घातली, नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट. काहींचं उलटं झालं, डिस्क वाचली आणि बोर्ड गेला. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर विंडोज सुरू झाली, खतावण्या, बिलं सगळं दिसलं, पण ॲक्टिव्हेशन नाही. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट.

म्हणून जपायचा तो मदरबोर्ड, डिस्क नव्हे. लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं खराब बोर्ड बदलून दिला तर लायसन्स पुढं चालतं, आणि की नव्या बोर्डात लिहून देतात. मशीन घेतानाच तिथं ॲक्टिव्हेशन उघडून बघायचं. जुन्या बाजारातला बोर्ड टाकला तर त्यात दुसऱ्याच कोणाची की असू शकते. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र नव्या बोर्डावर नेता येतं. ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याला आधीच जोडलेलं असलं, तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'मी अलीकडे हार्डवेअर बदललंय' हे निवडून काम होतं. आधीच जोडलेलं, यावर माझा जोर आहे. बोर्ड गेल्यावर जोडायला मशीन उरत नाही.

डिस्क काढून दुसऱ्याला लावायच्या सल्ल्यात आणखी एक खड्डा आहे आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. हल्लीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बहुधा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरच्या तंत्रानं. रोजच्या वापरात कळतही नाही. बोर्ड बदलला, काही वेळा बायोस अपडेट केला, किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण खातं कुठलं? लॅपटॉप घेताना काउंटरवरच्या पोरानं घाईत कुठला तरी ईमेल टाकून उघडलेलं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. अशा वेळी विंडोजचं लायसन्स शाबूत असतं, हार्ड डिस्क शाबूत असते आणि आतला एकही फोटो उघडत नाही. मी हात टेकलेली मशीन याच प्रकारातली आहेत. की नसेल तर मी काय, कोणीच ते उघडू शकत नाही. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

राहिला पेनड्राइव्हवर फोल्डर घेण्याचा मंत्र. 'प्रोग्राम फाइल्स' उचलून नव्या विंडोजमध्ये टाकणं म्हणजे ऊस मुळासकट न काढता वाढं तेवढं तोडून नव्या रानात रोवणं. प्रोग्रामचे धागे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत), सर्व्हिसमध्ये, लायसन्सच्या वेगळ्या साठ्यात पसरलेले असतात. प्रत्येक सॉफ्टवेअरची लायसन्सची रीतही न्यारी. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस एकदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चढवलं, त्या खात्यावरूनच परत मिळतं. अडोबीचं लायसन्स दोन मशीनवर ॲक्टिव्हेट करता येतं, पण एका वेळी वापर एकाच मशीनवर. जुन्यातून साइन आउट न करता फॉरमॅट मारला तरी खात्यात जाऊन जुनं मशीन काढून टाकता येतं. पत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांच्या श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर, म्हणजे मशीनला बाहेरून लावायच्या छोट्या किल्लीवर, चालतं. लॉक खिशात असलं की फॉरमॅटची पर्वा नाही. जीएसटीची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते, मशीनमध्ये नव्हे. ड्रायव्हर टाकला की झालं. फक्त टोकन 'इनिशियलाइज' करू नका, त्यानं आतलं सर्टिफिकेट पुसलं जातं.

टॅलीचं तसं नाही. सांगलीत विंडोजपेक्षा टॅलीनंच जास्त लोकांना रडवलंय. तिचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं आणि मशीन फॉरमॅट करण्याआधी ते टॅलीमध्येच 'सरेंडर' करायचं असतं. मदतीच्या मेनूतून लायसन्समध्ये गेलं की पर्याय सापडतो. सरेंडर केलं की लायसन्स मोकळं, मग त्याच मशीनवर किंवा दुसऱ्यावर पुन्हा चढवा. हे न करता मशीन पुसलं तर टॅली 'एज्युकेशनल मोड'मध्ये उघडते. महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख एवढ्याच तारखांना नोंद घेते. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत रोज पट्ट्या फाडणाऱ्या अडत्याला ही काय चैन परवडणार?

यातूनही वाट आहे. लायसन्स रीसेट करता येतं, पण त्यासाठी ज्या ईमेलवर टॅलीचं खातं आहे तो हाताशी लागतो. पुराच्या रात्री सीपीयू माळ्यावर चढवताना सरेंडर कोण करत बसणार, तेव्हा अशा वेळी तोच एक आधार. आणि डेटा. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हमध्येच, यूजर्सच्या आतल्या पब्लिक फोल्डरमध्ये जाऊन बसतो. फॉरमॅटला पुसला जातो तो हाच सी ड्राइव्ह. 'प्रोग्राम फाइल्स'चा फोल्डर जपून नेणाऱ्याच्या पेनड्राइव्हवर टॅलीची चालू न होणारी प्रत असते आणि वर्षाची खतावणी नसते.

परवा त्या तीन अडत्यांपैकी एकानं फोन केला. मशीन फार हळू झालंय, आणायचंय, पण मेसेज वाचल्यापासून धीर होत नाही. विंडोजचं काय होईल म्हणाले.

"विंडोजचं सोडा अण्णा, तुमच्या टॅलीचा ईमेल कुणाच्या नावावर आहे?"

जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "आमच्या आधीच्या दिवाणजींच्या. ते सोडून गेले की दोन वर्षांमागं. आता मिरजेला असतात."

"मग आधी मिरजेला फोन लावा. मशीन त्यानंतर आणा."